दाराची काच रात्री आठला निवडावी

घर बांधताना फरशी ठरवण्यात तीन रविवार जातात, ओट्याच्या उंचीवरून घरात दोन दिवस अबोला होतो, आणि पुढच्या दाराची काच मात्र मिस्त्रीच्या फोनवर ठरते. "साहेब, काच कुठली टाकू?" "टाका हो चांगली बघून." संपलं. आमचीही तशीच ठरली होती. साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या दाराला मिस्त्रीनं चांगली बघून रिफ्लेक्टिव्ह काच टाकली. दिवसा बाहेरून आरसा, आतून सगळं लख्ख. पाहुणे दारात उभे राहून केस सारखे करायचे आणि आम्ही आत हसायचो. राहायला आल्याच्या आठवड्यातच समोरच्या काकूंनी मला गेटपाशी गाठलं. "काल पिठलं होतं वाटतं तुमच्याकडं?" मला वाटलं वास गेला असेल. तर नाही. काकूंनी ताट पाहिलं होतं.

चूक काचेची नव्हती. एका बाजूनंच दिसेल अशी काच नसते, ती करामत उजेडाची असते. जिकडं उजेड जास्त, तिकडची बाजू दिसते आणि तिकडच्या माणसाला पलीकडचं दिसत नाही. दिवसा उजेड बाहेर असतो म्हणून काच आपल्या बाजूनं असते. दिवे लागले की ती फिरते, आणि आपलं घर दुकानाच्या शोकेससारखं रस्त्यावर मांडलं जातं. त्यात आपल्याकडं दिवेलागणीला दार उघडं ठेवायची रीत, लक्ष्मी यायची वेळ म्हणून. म्हणजे दार उघडं असो नाहीतर लावलेलं, ऐन त्याच वेळी सगळं दिसतं.

साताऱ्याच्या मंगळवार पेठ, शनिवार पेठ या भागातल्या जुन्या वाड्यांना ही अडचण नव्हती. दरवाजा भला थोरला आणि पूर्ण लाकडी, रोजच्या येण्याजाण्याला त्यातलीच दिंडी, म्हणजे छोटं दार. आत देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची जागा, मग वळण, मग चौक. दारातून सरळ घर दिसायचंच नाही, आणि उजेड यायचा तो वरून, चौकातून. आपल्या रो-हाऊसला चौक नाही, दोन्ही अंगाला शेजाऱ्याची भिंत. त्यामुळं उजेडाचं काम दारावर येऊन पडलं. पावसाळ्यात साताऱ्यात आभाळ आठवडा आठवडा उघडत नाही आणि भर दुपारी पॅसेजला दिवा लावावा लागतो. तेव्हा काच हवी हे खरं, पण कुठं आणि कुठली ते पुढं क्रमानं बघू.

आधी जागा, मग काच

चौकट अजून बसली नसेल तर तुम्ही नशीबवान. दाराच्या पानात काच बसवण्याआधी दाराच्या वर काच बसते का ते बघा. नेहमीची चौकट ७ फुटांची असते. लिंटेल, म्हणजे चौकटीवरची काँक्रीटची आडवी तुळई, दीड-दोन फूट वर घेतलं, तर दारावर आडवं व्हेंटिलेटर निघतं. तिथून रस्त्यावरच्या माणसाला फक्त तुमचं छत दिसतं, आणि उंचावरून आलेला उजेड खोलीत जास्त आतपर्यंत पोचतो. खाली एक फूट काच लावून जे मिळत नाही ते वर एका फुटात मिळतं, आणि तेही साध्या पारदर्शक काचेत. मात्र हे लिंटेल भरायच्या आधी सांगावं लागतं. नंतर सांगितलं की हातोडा, धूळ आणि ठेकेदाराचं तोंड, तिन्ही सहन करा. समोर तीन मजली इमारत असेल तर तिच्या गॅलरीतून व्हेंटिलेटरमधून आत दिसतं का, तेही जिन्यानं वर जाऊन एकदा बघून या.

दुसरी जागा म्हणजे दाराशेजारची उभी पट्टी, साइड लाइट. चौकटीतच एक फूट रुंदीची बंद काच. दार आपटलं तरी तिला थेट दणका बसत नाही, हा तिचा मोठा गुण. जून ते ऑगस्ट साताऱ्यात वारा काय असतो ते गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्याला विचारा. मागचं दार उघडं राहिलं की पुढचं धाडकन बंद होतं. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना हे जास्त सांगायला नको.

तिसरी जागा दाराच्या पानातच. दार तयार आहे आणि चौकट बदलायची नाही, असं असेल तर हीच उरते. फ्लश डोअर, म्हणजे प्लायवूडचं सपाट दार, कापायचं असेल तर आधी ते आतून भरीव आहे का विचारा. पोकळ असेल तर कापू नका. भरीव असलं तरी चारी कडांना पाच-सहा इंच लाकूड सोडा आणि कुलपाच्या जागेला हात लावू नका.

दार कुणीकडं बघतं

अजिंक्यतारा किल्ला गावाच्या दक्षिणेला, आणि थंडीत सूर्यही दक्षिणेकडून कलून जातो. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. डोंगराच्या अगदी कुशीत घर असेल, तर ऊन दारात किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते एक दिवस घड्याळ लावून बघा. उन्हाळ्यात उलटं होतं. मेच्या मध्याच्या आसपास आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडं असतो. त्यामुळं उत्तरेच्या दाराला ऊन लागतच नाही असं समजू नका. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं.

पूर्वेच्या दाराला कोवळं ऊन येतं, त्याला हवी ती काच लावा. पश्चिमेच्या दाराला दोन संकटं, एप्रिल-मेमधली चारची उन्हं आणि पावसाळ्यातले पश्चिमेच्या वाऱ्यावरचे सपकारे. अशा दाराला काच कमी ठेवा, वर छज्जा किंवा पोर्च असू द्या. काळी काच लावून ऊन अडवायचा मोह होतो. तिनं ऊन थोडं अडतं, पण उजेडही जातो, आणि पावसाळ्याचे चार महिने आत बोगद्यासारखं वाटतं.

रात्री आठची परीक्षा

या लेखातलं एवढं एक जरी केलंत तरी काच चुकणार नाही. काचेच्या दुकानात जाऊन फूटभर मापाचे तुकडे मागा. तुटक्या कडांचे असतात, हात सांभाळा. अनामत ठेवून एक-दोन दिवसांसाठी देतात. पाच तुकडे आणा: पिनहेड, म्हणजे बाथरूमच्या खिडकीला असते ती बारीक दाण्यांची, फ्लुटेड, उभ्या पन्हळींची, सध्या जिची फार चलती आहे, सँडब्लास्ट, म्हणजे वाळूच्या झोतानं फ्रॉस्ट (धूसर) केलेली, ॲसिडनं फ्रॉस्ट केलेली, आणि मिल्की लॅमिनेटेड, जिच्या दोन काचांमध्ये दुधी पडदा असतो.

मोठा पुठ्ठा घ्या. नव्या फ्रिजचा खोका असला तर उत्तम. दाराच्या उघड्या जागेत तो अडकवा आणि काच येणार त्या उंचीवर तुकड्याएवढं भोक पाडा. नुसता तुकडा हातात धरून बघू नका, बाजूनं दिसत राहतं आणि डोळा फसतो. आत हॉलचे सगळे दिवे लावा, पोर्चचा घालवा. एकाला आत पाठवा, एक बाहेर.

आमच्याकडं आत मेव्हणा होता, अंगात लाल टी-शर्ट. बाहेर मी आणि बायको, वर बारीक पाऊस. तो आधी काचेला नाक लावून उभा राहिला, मग चार फूट मागं, मग सोफ्यावर जाऊन बसला. पिनहेडमधून लाल रंग सोफ्यापर्यंत कळला, हात हलवलेला कळला, चेहरा नाही कळला. फ्लुटेडमधून माणसाच्या उभ्या चिरफळ्या झाल्या, पण सोफ्याची पाठ, टेबलाची कड अशा आडव्या रेघा स्वच्छ दिसत राहिल्या. उभी पन्हळ फक्त आडवी फाकवते. काचेजवळ आला तेव्हा त्याला ओळखूही आलं. फ्रॉस्टेडमधून तो चिकटून उभा असताना नाकाचं टोकसुद्धा दिसलं, चार फुटांवर नुसता लालसर डाग, आणि सोफ्यावर बसला तो गायबच. मिल्की लॅमिनेटेडचंही तसंच, फक्त उजेड जास्त सारखा पसरलेला.

यातून नियम निघतो तो असा: नक्षीची काच असो की फ्रॉस्टेड, तिच्यामागं माणूस जितका लांब तितका तो जास्त विरघळतो. दार उघडलं की लगेच हॉल आणि हॉलमध्ये लगेच सोफा असं असेल, तर फ्रॉस्टेड किंवा मिल्की घ्या. मध्ये चार-पाच फुटांचा पॅसेज असेल तर पिनहेड पुरते, स्वस्तातही पडते. फ्लुटेड दिसायला देखणी आहे, मला ती आवडते. पण ज्यांच्या दारासमोर रस्ता आहे त्यांनी ती आतल्या पार्टिशनला लावावी.

त्याच रात्री आणखी एक करा. बोट ओलं करून फ्रॉस्टेड तुकड्याच्या खरखरीत बाजूवर फिरवा. जिथं ओलं झालं तिथं काच पारदर्शक होते. पाणी खाचा भरून काढतं, खरखर संपते, धूसरपणाही संपतो. म्हणजे खरखरीत बाजू बाहेर ठेवली तर साताऱ्याच्या पावसात तुमचा आडपडदा पहिल्या सरीबरोबर वाहून जाणार. खरखरीत बाजू कायम आत. पिनहेडचे दाणेही आतच, म्हणजे बाहेर धूळ धरत नाही.

फ्रॉस्टेड स्टिकर हा उपाय भाड्याच्या घराला ठीक. स्वतःच्या दाराला लावलात तर दोन-तीन वर्षांत कडा सुटतात, तिथून धूळ आत शिरते, आणि तो काढायला ब्लेड घेऊन रविवार जातो.

मजबुती

माणसाच्या अंगाच्या उंचीवर साधी काच नको. ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात. दोनच पर्याय आहेत.

टफन काच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून एकदम हवेच्या झोतानं थंड करतात. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटली तर बोथट दाणे होतात. पण एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासतासुद्धा येत नाही. माप अर्धा सूत चुकलं तरी नवी करावी लागते. तिच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का असतो, आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) चा उल्लेख बघून घ्या. ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा गॉगल असेल तर तो घालून आकाशाच्या उजेडात टफन काचेकडं बघा, बिबट्याच्या अंगासारखे ठिपके किंवा पट्टे दिसतात. साध्या काचेत दिसत नाहीत. दुकानदार चपापतो, पण तपासून घ्यायला हरकत काय?

लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा चिवट पडदा. ती फुटते, पण गळत नाही. तडा जाऊन जागेवरच चिकटून राहते. चोराला हात घालायला वेळ लागतो, आवाज होतो. शिवाय हा पडदा उन्हातली अतिनील किरणं जवळपास सगळी अडवतो, त्यामुळं पश्चिमेच्या उन्हानं सोफ्याचा रंग लवकर विटत नाही. दाराच्या पानात काच येणार असेल तर माझं मत सरळ लॅमिनेटेडला, आणि त्यात मिल्की पडदा घेतला की आडोशाचं कामही त्यातच होतं. दोन्ही बाजू गुळगुळीत, खरखरीत बाजू कुठली हा प्रश्नच उरत नाही. महाग पडते हे कबूल. दाराला लागते किती? चार-पाच चौरस फूट.

वजनाचा हिशेब आधी करा. एक मिलिमीटर जाडीची, एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. १० इंच रुंद आणि ५ फूट उंच पट्टी म्हणजे साधारण ०.३९ चौरस मीटर. ६ मिलिमीटरची टफन घेतली तर पावणेसहा किलोच्या आसपास, ५ अधिक ५ ची लॅमिनेटेड घेतली तर दहा किलो. दार आधीच सागवानी आणि जड असेल तर तीन बिजागऱ्यांच्या जागी चार सांगा.

काच बिजागरीच्या बाजूला घ्या, कुलपाच्या बाजूला नको. काच फोडून हात घातला तरी आतली कडी हाताला लागता कामा नये. कुलपाजवळच हवी असेल तर पट्टी तीन इंचांपेक्षा रुंद नको, म्हणजे हातच जाणार नाही. आणि किल्ली आतून कुलपाला लटकवून ठेवायची सवय मोडा. आम्हाला ती मोडायला वर्ष लागलं.

कोण आलंय ते कसं कळणार

धूसर काच लावली की बाहेरचा माणूसही आपल्याला धूसरच दिसतो, हे बरेच जण नंतर शोधून काढतात. दिवसा सावलीवरून उंची-बांधा कळतो, रात्री तेही नाही. यावर उपाय वायरिंगच्या वेळेलाच करावा: पोर्चच्या दिव्याचं बटण दाराच्या आत, हाताशी. बेल वाजली की पोर्चचा दिवा लावायचा आणि पॅसेजचा घालवायचा. उजेड बाहेर गेला की काच पुन्हा आपल्या बाजूची होते. दाराच्या लाकडी भागात पीपहोल घ्याच, घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. आमच्याकडं मिस्त्रीनं स्वतःच्या उंचीवर पाडलं. आई अजून पाटावर चढून बघते.

माप आणि ऑर्डर

माप दार पॉलिश झाल्यावर घ्या, काच बसायची खाच तयार झाल्यावर. उंची तीन ठिकाणी मोजा, रुंदी तीन ठिकाणी, आणि सगळ्यात लहान आकडा धरा. दोन्ही कर्णही मोजा, ते सारखे नसतील तर खाच तिरकी आहे. आकडे मिलिमीटरमध्ये लिहून द्या. सुतार सुतात बोलतो, दुकानदार इंचात, भट्टीवाला मिलिमीटरमध्ये, आणि या भाषांतरात काच लहान-मोठी होते. काचेचं माप खाचेपेक्षा प्रत्येक बाजूनं ३ मिलिमीटर कमी.

बिल चौरस फुटावर होतं, पण बरीच दुकानं माप तीन इंचांच्या पटीत वर धरून आकारतात. १० इंचांची पट्टी १२ ची होते. आधी विचारा, मग पट्टीच १२ ची करायची का ते ठरवा. कडा घासलेल्या, म्हणजे पॉलिश केलेल्या हव्यात हे चिठ्ठीवर लिहून घ्या. टफन आणि लॅमिनेटेड भट्टीवरून करून येतात, त्याला दिवस लागतात. वास्तुशांतीचा मुहूर्त धरून उलटे दिवस मोजा, दिवाळीच्या तोंडावर तर जास्तच.

बसवताना उभं राहा

शाहूपुरीत मेव्हण्याच्या दाराची काच कुणी न मारता फुटली. जुलैचा पहिला आठवडा. मे महिन्यात सुतारानं ती ठोकून घट्ट बसवली होती. "फिट बसली पायजे का नको साहेब, नाहीतर खडखड करती." पाऊस लागला, लाकूड फुगलं, काच फुगत नाही. कोपऱ्यातून एक केसासारखी रेघ निघाली आणि दोन दिवसांत पार वरपर्यंत गेली. लाकूड उभ्या रेषेत फारसं वाढत नाही, आडवं वाढतं. म्हणून बाजूची ती ३ मिलिमीटरची फट सोडायचीच. खडखड होऊ नये यासाठी काचेखाली रबराचे दोन छोटे ठोकळे आणि कडेनं सिलिकॉन.

सिलिकॉन कुठलं ते विचारा. नळीतून काढल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते लॅमिनेटेडला चालत नाही, आतला पडदा कडेनं खराब होऊन पांढुरका पडतो. न्यूट्रल सिलिकॉन मागा. बीडिंगची, म्हणजे काच धरून ठेवणारी लाकडी पट्टी घराच्या आतल्या बाजूनं हवी, बाहेरून असेल तर चोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काच व्यवस्थित काढून ठेवेल. पट्टी खिळ्यांनी नको, स्क्रूनं. खिळा मारताना हातोडी एकदा घसरली की टफनची कड दुखावते आणि सगळी काच दाण्यांचा ढीग होते.

शक्यतो पावसात बसवू नका. सिलिकॉन भरलं की चोवीस तास दार हळू लावा. दुसऱ्या दिवशी बाहेरून बादलीभर पाणी मारा आणि आत खालच्या पट्टीवर बोट फिरवून ओल येते का बघा. सुतार जायच्या आत.

पुसण्याबद्दल दोन शब्द

सँडब्लास्ट केलेल्या खरखरीत काचेवर तेलकट हात लागला की डाग जात नाही. ॲसिडनं केलेलीवर कमी धरतो. गौरी-गणपतीत, हळदीकुंकवाला, बायकांचे, मुलांचे हात दाराला लागणारच. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं, तारेची घासणी चुकूनही नाही. हळदीची पिवळी बोटं राहिली तर घासत बसू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, पूर्वेच्या दाराला तर आठवडाभरातच. तुपाचा हात मात्र तसाच राहतो.